बत्तीस भोकांचं कडं

मोरपंखी, १९९५

पितृपक्षात आजोबांच्या तिथीला शिवाकाका दरवर्षी रोह्याहून एसटीने येई. या वर्षी तो टेंपोने आला, आणि टेंपो रिकामा होता. तेवढ्यावरूनच हरेशला कळलं, की आज जेवणं वेळेवर होत नाहीत.

टेंपोतून आधी शिवाकाका उतरला, मग त्याची मुलगी अनिता, मग गोदूआत्या. तिचं सासरही रोह्यालाच. शेवटी उतरला एक अनोळखी माणूस, काखेत ड्रमच्या काठ्या धरून. शिवाकाकाने ओळख करून दिली. हे गोविंदा मास्तर, रोह्याच्या बँडमध्ये तीस वर्षं वाजवतात, ड्रमच्या आवाजावरून त्याचं वय सांगतात. मास्तरांनी नमस्कार केला आणि पेणच्या त्या रिकाम्या गणपती कारखान्यात नजर फिरवून विचारलं, "पेशंट कुठाय?"

पेशंट कोपऱ्यात होता. एक मोठा बेस ड्रम, दोन लहान, एक वाकलेली झांज आणि एक फिरतं स्टूल. त्यातला एक लहान ड्रम हरेशची आई, सरू, बसायला घ्यायची. दुसऱ्यात ब्रश उभे केलेले असत. आणि स्टुलावर हरेशचे वडील, केरूशेठ, गणपती ठेवून डोळ्यांची आखणी करत. मूर्ती हव्या त्या बाजूला फिरवता येई, आपल्याला उठावं लागत नसे. पेणमध्ये एवढं चांगलं फिरतं स्टूल दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात नव्हतं, असं केरूशेठ म्हणत. दुसरे कारखानेवाले ऐकून घेत.

आता कारखाना रिकामा होता. गणपती गेले होते, फळ्यांवर फक्त पायांचे गोल डाग उरले होते. या दिवसांत घरचा एक नियम असे. शेवटची मूर्ती गेली, की डब्यांच्या बुडाशी उरलेला रंग एकत्र करायचा आणि ड्रमवर एक हात मारायचा. देवाचा रंग गटारात ओतायचा नाही आणि पुढच्या वर्षाला ठेवायचा नाही. हा नियम आजोबांचा, विठोबांचा. म्हणून ड्रम दरवर्षी वेगळ्या रंगाचा असे. सध्या तो मोरपंखी होता, कारण गेल्या वर्षी, पंच्याण्णवला, लोकांना सगळे गणपती मोरपंखी शेल्यातले हवे होते.

यंदाचा हात हरेशने थांबवला होता. वडखळला हायवेवर एक जण हॉटेल काढत होता आणि त्याला दारात मांडायला जुन्या वस्तू हव्या होत्या. हरेशने ड्रम कबूल केला होता. ही गोष्ट रोह्याला कशी कळली ते त्याला कळलं नाही. पण गोदूआत्या चप्पल काढताना त्याच्याकडे बघत नव्हती, त्यावरून ते त्याला कळलंही.

शिवाकाकाचं म्हणणं सरळ होतं. धाटावच्या कंपनीतून तो आता रिटायर झाला होता. ड्रम बाबांनी त्याच्यासाठी आणला होता, तो आता घेऊन जाणार होता.

"तुझ्यासाठी?" केरूशेठ म्हणाले. "बाबांनी स्टूल घेतला. ड्रम त्याच्याबरोबर आला."

मग दोघांनी आपापलं साल सांगितलं. केरूशेठ म्हणाले, अठ्ठावन्न. पेणला सर्कस उतरली होती, तिच्या बँडवाल्याकडून बाबांनी हे लटांबर घेतलं, फिरतं स्टूल आखणीला चांगलं म्हणून. तेव्हा शिवा अर्ध्या चड्डीतून नुकता बाहेर आला होता, ड्रम कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. शिवाकाका म्हणाला, एकसष्टची दिवाळी. पावसाळ्यात तो बापाशी भांडून मुंबईला पळाला होता, एका बँडमध्ये. दिवाळीला परत आला, तेव्हा कारखान्यात ड्रम उभा होता.

अठ्ठावन्न असेल, तर ड्रम कारखान्याचा. एकसष्ट असेल, तर शिवाचा. गोदूआत्याने निकाल दिला. आधी साल ठरवा, तोवर मी कोणाच्या बाजूची नाही. मग ती शिवाकाकाच्या बाजूला जाऊन बसली.

मास्तरांनी काम सुरू केलं. त्यांनी ड्रमला कान लावला, नखाने टिचकी मारली, चामड्याचा वास घेतला. बकऱ्याचं चामडं हाय, म्हणाले, म्हणजे प्लास्टिक यायच्या आधीचा. कंपनीची पट्टी कुठेतरी रंगाखाली असणार. पुढचं कडं लाकडी, ते ठीक. मागच्या कड्याशी मात्र ते थांबले. ते लोखंडी होतं. बोटं फिरवली, तर दर चार बोटांवर रंगात एक खळगा. मास्तरांनी ब्लेडने एक खळगा उकरला. आरपार भोक निघालं.

शिवाकाका अभिमानाने सांगू लागला, की लोखंडी कडं बाबांनी मागाहून खास बसवून घेतलं. लाकडाला हवा मानवत नाही म्हणून. तो हे चौतीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता.

मास्तरांनी भोकाला डोळा लावला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे जर्मन हाय. भोकं हवा जायला. अशी कडी मी फक्त ऐकलीयत."

हरेशच्या डोळ्यासमोर हॉटेलचं दार आलं, त्यात जर्मन कडं. त्याने वडिलांकडे बघितलं. वडील हात धुवायला गेले होते. त्यांच्या हाताला काही लागलेलं नव्हतं.

चिखल, १९८९

मास्तरांना साल सांगता येईना. पन्नास ते पासष्टच्या मधलं कायतरी, ते म्हणाले, आणि दोन्ही पक्षांनी आपण जिंकल्यासारखं केलं.

युक्ती अनिताने काढली. ती धाटावलाच एका कंपनीच्या लॅबमध्ये होती, आणि वस्तूवर किती थर आहेत हे मोजणं तिच्या रोजच्या कामातलं होतं. दरवर्षी एक हात, तर हात मोजले की झालं. केरूकाकांच्या परवानगीने तिने ड्रम आणि कडं जिथे भेटतात तिथे साबणाच्या वडीएवढी जागा आखली आणि ब्लेडने तिरकी सोलायला सुरुवात केली. रंगाच्या चकत्या कांद्यासारख्या एकाआड एक उघडल्या.

मग सगळं घर ड्रमभोवती जमलं, कारण प्रत्येक रंग कोणालातरी ओळखीचा होता.

हा मोरपंखी. हा वांगी, चौऱ्याण्णव. ही शेंदरी, हरेशचं लग्न मोडलं ते वर्ष (हरेश म्हणाला, ते मोडलं नव्हतं, ठरलंच नव्हतं). हा भडक गुलाबी, तेव्हा सगळ्यांना तोच हवा होता, केरूकाका दोन महिने गुलाबी शिंकत होते. मग चंदेरी, परत चंदेरी. मग एक तपकिरी, खरखरीत.

अनिता थांबली. हा रंग नव्हता, चिखल होता. एकोणनव्वदच्या पुरात कारखान्यात पाणी शिरलं, रंगाचे डबे वाहून गेले, आणि ड्रमवर पुराने आपला हात मारून ठेवला होता. पुढच्या वर्षी कोणी तो धुतला नाही, वरूनच रंग लावला.

चिखल धरायचा का, यावर अर्धा तास गेला. केरूकाकांना तो धरायला हवा होता. जितके थर जास्त, तितका ड्रम जुना. अनिताच्या बाबांचंही म्हणणं तेच पडलं, कारण पुराच्या वर्षी ते कमरेएवढ्या पाण्यातून ड्रम बघायला रोह्याहून आले होते. भावाभावांचं एकमत झालेलं बघून गोदूआत्याने चिखलाला विरोध केला. हरेशने तिला साथ दिली, तिला खूश करून घ्यावं म्हणून. ती म्हणाली, तू गप ऱ्हा, तुझं हाटेल बघ. हरेश मग चिखलाच्या बाजूचा झाला.

आतून मोठ्या आईचा, म्हणजे सरूचा, आवाज आला, की तांदूळ निवडायचं सूप कोणी नेलं, माझी सायकल गेली तसं सूपपण गेलं का. या घरात काही हरवलं, की ते सायकलीसारखं हरवे. लग्नात तिच्या बापाने, धरमतरच्या मिठागरवाल्याने, जावयाला सायकल दिली होती. पितळेची घंटी, पुढे कंदील. बासष्टच्या गौरी विसर्जनाला केरूकाका ती घेऊन वडखळ नाक्यावर गेले आणि चालत परत आले. कोणीतरी नेली. मोठी आई दर तिथीला चोराचं वर्णन करी. तिने त्याला बघितलेलं नव्हतं.

अनिताने चिखल धरला आणि पुढे सोलत गेली.

१९७४

या वर्षाला थर नाही.

शिवाला माहीत होतं, नसणार. त्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी बाबा गेले. मूर्ती कशातरी पोहोचवल्या, पण डब्यात काय उरलं हे बघायला कोणी वाकलं नाही.

अनिता मोजत होती आणि शिवा त्या रंगांकडे बघत नव्हता. तो स्टुलाजवळ जमिनीवर बसला होता. मुंबईच्या त्या बँडमध्ये त्याने चार महिने फक्त ड्रम वाहिला होता, एकदाही वाजवला नव्हता. लग्नाला जाताना डोक्यावर, येताना डोक्यावर. दिवाळीला घरी आला, तो बापाचा मार खायच्या तयारीने. बाबा शाडू कालवत बसले होते. वर बघितलं नाही. ड्रम उभा होता, पांढरा, मोत्यासारखा. शिवाने पुसायला फडकं घेतलं, तेव्हा बाबा एवढंच बोलले, "ओलं लावू नको. चामडं सैल पडतं."

पळून गेल्याबद्दल ते पुढे तेरा वर्षांत एक शब्द बोलले नाहीत, ड्रमबद्दलही नाही. तेवढ्या एका वाक्यावर शिवाने आयुष्य काढलं होतं. मूर्तिकाराला चामड्याचं काय कळणार? म्हणजे त्यांनी कोणालातरी विचारलं होतं. कोणासाठी विचारलं होतं?

आणि दादा म्हणतो, सर्कशीतल्या माणसाने सांगितलं असेल.

शिफ्टला जाताना, येताना, कंपनीच्या बसमध्ये तो मांडीवर बोटांनी वाजवत आला होता. त्याला ड्रम हवा होता हे खरं. पण टेंपो रिकामा गेला असता, तरी चाललं असतं. फक्त कोणीतरी साल सांगायला हवं होतं.

"तेहेतीस," अनिता म्हणाली. "चिखलासकट."

शिवाने मनात हिशेब केला. तेहेतीस, आणि चौऱ्याहत्तरचा राहिलेला एक. चौतीस. पंच्याण्णवपासून मागे. बासष्ट. पहिला हात बासष्टच्या गणपतींनंतरचा. त्याच्या आधीची दिवाळी एकसष्टची.

त्याने स्टूल फिरवलं.

पितांबरी, १९६२

केरूशेठ तयारच होते. थर बरोबर मोजलेत, त्यांनी कबूल केलं. पण ड्रम आला त्याच वर्षी रंगवायला लागले, हे कोणी सांगितलं? ड्रम अठ्ठावन्नला आला असेल. रंग लावायची पद्धत बासष्टला सुरू झाली असेल. चार वर्षं पांढराच होता.

म्हणणं बिनतोड होतं. मास्तरांनी मान हलवली, अनिताने ब्लेड खाली ठेवलं, आणि शिवाचा चेहरा असा झाला, की हरेशलासुद्धा हॉटेलवाल्याची आठवण नकोशी झाली.

गोदूआत्या म्हणाली, "बरोबर बोललास, दादा. पद्धत बासष्टलाच सुरू झाली." मग त्याच्याकडे वळली. "का सुरू झाली, तेही सांग."

केरूशेठ काही बोलणार, एवढ्यात सरू हातात झारा घेऊन दारात आली. वडे निवत होते, खीर घट्ट झाली होती, सासऱ्यांचं पान वाढून तासभर झाला होता. सगळी एका ड्रमकडे का बघतायत म्हणून ती जवळ आली. तिने वाकून बघितलं.

अनिताने सोललेल्या जागेत, सगळ्यात खाली, कड्याचं लोखंड चमकत होतं. त्याच्या मधोमध पन्हळ होती, दोन्ही कडा आत वळलेल्या. पन्हळीत मास्तरांनी मोकळं केलेलं भोक. सरूने झारा हरेशकडे दिला आणि भोकात बोट घातलं. मग ती ड्रमभोवती चालू लागली, प्रत्येक खळग्यावर अंगठा ठेवत. ओठ हलत होते. एक फेरी झाली.

"बत्तीस," ती म्हणाली.

मास्तरांनी समजावलं, की जर्मन कंपन्या हवा जायला अशी भोकं ठेवतात.

"मास्तर," सरू म्हणाली, "जर्मनीत सायकलवरून ड्रम वाजवतात का?"

कोणाला कळलं नाही. ती बोलत राहिली, आवाज न चढवता, आणि म्हणूनच सगळे उभे राहिले. लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्या दसऱ्याला तिने सायकल पुसली होती. एकेक तार, राखेने. पुढच्या चाकाला बत्तीस तारा आणि मागच्याला चाळीस. हे तिला बापाने शिकवलं होतं, कारण त्याला तिच्याखेरीज मुलगा नव्हता. त्या चाकाची रिम ती आंधळी असती तरी तिने ओळखली असती.

मग ती स्टुलाकडे गेली. शिवा उठला, लगबगीने. तिने स्टूल उलटं केलं. पायांच्या मधे, रंगाखाली, सायकलीच्या चाकाच्या मधला हब होता. पेणमधलं सगळ्यात चांगलं फिरतं स्टूल.

"वडखळ नाक्यावर," सरू नवऱ्याला म्हणाली. "उंच होता चोर, नाय? अंगात चौकडीचा शर्ट."

केरूशेठ जमिनीवर बसले. साठी गाठलेला माणूस, पंचक्रोशीतल्या गणपतींना डोळे देणारा, आणि त्यांना कुठे बघावं कळेना.

सगळं एकदम निघालं नाही, तुकड्या-तुकड्यांनी निघालं. बासष्टच्या गौरीला शिवाने नाचाला ड्रम वाजवला. अख्खी आळी जमली. बायका म्हणाल्या, विठोबाचा हा पोरगा नाव काढणार. हा पोरगा, म्हणजे पळून गेलेला. आणि पळून न गेलेला त्या वेळी दोनशे मूर्तींचे डोळे आखून पाठ धरून बसला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात कोणी नव्हतं. त्यांनी ड्रमला लाथ मारली. एकच. लाकडी कडं तीन ठिकाणी फुटलं.

बाप यायच्या आत काय करणार? गोल, त्या मापाचं, घरात एकच होतं. रिम थोडी मोठी पडली, ठोकून बसवली. हब उरला, तो साध्या स्टुलाला लावला. निदान स्टूल तरी आपलं व्हावं म्हणून.

"स्टूल फिरत नव्हता आधी?" शिवाने विचारलं. एवढंच त्याच्या कानात राहिलं होतं.

"नाय."

"मग बाबांनी स्टुलासाठी..."

"नाय रे." केरूशेठने मान वर केली. "दिवाळीलाच आणला. एकसष्टला. तुझ्यासाठी. मुंबईला जाऊन, एका बँडवाल्याकडून. डोक्यावरून आणला एसटीच्या टपापर्यंत. मी होतो बरोबर. मी दुसरी बाजू धरली होती."

शिवाने बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवलं, अर्धंच, आणि थांबला.

"आता माझं ऐका," गोदूआत्या म्हणाली. बाबा त्या संध्याकाळी कारखान्यात आले. ड्रमला चाकाची रिम, उघडी, लखलखीत. त्यांनी बघितली, भोकावरून बोट फिरवलं, दारातून बाहेर सायकलीच्या जागेकडे बघितलं. मग तिला हाक मारली. पंधरा वर्षांची होती. पितांबरी रंगाचा डबा तिच्या हातात दिला आणि स्वतः ब्रश घेऊन रिमला हात मारला. फक्त रिमला मारला तर दिसेल, म्हणून मग सगळ्या ड्रमला मारला. पांढऱ्या मोत्यासारख्या ड्रमला. ती रडायला आली, तर म्हणाले, उरलेला देवाचा रंग हाय, गटारात ओतायचा का? दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जमवून तेच सांगितलं. आणि लोकांना खोटं वाटू नये म्हणून पुढच्या वर्षी परत लावला. त्याच्या पुढच्या वर्षीही.

"मला म्हणाले, कोणाला सांगू नको, गो. दोघं पोरगे एका घरात ऱ्हायला पायजेत."

केरूशेठ ड्रमकडे बघत होते. चौतीस वर्षं, त्यातली बावीस बापामागे, तो रंग त्यांनी स्वतःच्या हाताने लावला होता. देवाचा म्हणून.

"त्यांना ठाऊक व्हतं?" त्यांनी विचारलं. प्रश्न कोणाला नव्हता.

१९९६

आता सगळे सरूकडे बघत होते. कडं तिचं, हब तिचा. रिम काढली तर ड्रम वाजत नव्हता, हब काढला तर स्टूल फिरत नव्हतं. हरेशने सर्वांत आधी ओळखलं आणि म्हणाला, की आईचं म्हणणं तेच त्याचं. गोदूआत्या उठून सरूच्या बाजूला जाऊन बसली. मास्तरांनी विचारलं, वहिनी, एकदा वाजवून बघू का, आणि तिने बघितल्यावर काठ्या परत काखेत घातल्या.

"वहिनी, तुम्ही सांगाल तसं," शिवा म्हणाला.

सरूने सांगितलं. ड्रम शिवाभाऊंचा, तो टेंपोत जाईल. दर गणपतीनंतर पेणला रंगाला येईल, न चुकता. स्टूल इथे राहील, गणपतींच्या डोळ्यांसाठी. हॉटेलवाल्याच्या दारात हरेश स्वतः उभा राहील.

मग तिने फळीवरून यंदाच्या उरलेल्या रंगाचा डबा काढला. वांगी आणि शेंदरी मिसळून झालेला, नाव नसलेला रंग. ब्रश नवऱ्याच्या हातात दिला.

"जायच्या आधी यंदाचा हात मारा. रिम सोडून."

केरूशेठने रंगवायला घेतलं. कडेला आल्यावर डोळे आखतात तसा श्वास धरून, रिमला थेंब लागू न देता. शिवाने डबा धरला. सरू समोर बसली, केसातली आकडी काढली आणि एकेका भोकातला जुना रंग टोकरू लागली. गुलाबी निघाला, चंदेरी निघाला, चिखल निघाला, पितांबरी निघाला. आतमध्ये सासऱ्यांचं पान गार पडत होतं. पण आज त्यांची हरकत नसावी, असं गोदूआत्या म्हणाली.

बत्तिसावं भोक मोकळं झालं. सरूने आकडी पदराला पुसली, केसात खोवली आणि नवऱ्याकडे वर बघितलं.

"हं," ती म्हणाली. "आता मागच्या चाकाचं बोला."